थोरला आणि दत्तक

टेपचं बरं असतं. नको ते रेकॉर्ड झालं तर त्याच जागेवरून पुन्हा घ्यायचं, खालचं आपोआप पुसलं जातं. किश्श्यांना ही सोय नाही. एकावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा असे ते बसत जातात आणि सगळ्यात खालचाही ऐकू येतच राहतो. बाबांच्या स्टुडिओचे किस्से मी मित्रमंडळींत सांगायला लागले की लोक हसून बेजार होतात. मीही हसते. फक्त मधेच माझे कान गरम होतात, आणि ते केसांखाली लपवायची मला आता चांगली सवय झाली आहे.

म्हणून आधीच सांगून ठेवते, हे सगळे किस्से कुणाची ना कुणाची मान खाली गेल्याचे आहेत. बऱ्याचदा माझी.

* * *

स्टुडिओ नारायण पेठेत, एका पुस्तकबांधणीच्या दुकानावर. कॅसेटच्या जमान्यात तिथे अभंग, आरत्या, भावगीतं असं सगळं व्हायचं. स्टुडिओचा जीव मात्र एका करड्या-निळ्या डब्यात होता. माइकमधून आवाज निघतो तो अगदी मलूल असतो. त्याला उचलून धरणारं एक यंत्र लागतं, त्याला प्रीअँप म्हणतात. सगळं गाणं आधी त्याच्यातून जातं, त्यामुळे तो आपली थोडी चव प्रत्येक गाण्याला लावतो. आमचा प्रीअँप जुना, विलायती होता. तेव्हा असली वस्तू मिळवायची म्हणजे कुणाच्या तरी मामाची बॅग आणि कस्टमवाल्यांची मर्जी लागायची. बाबांना तो मुंबईच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून मिळाला.

तो त्यांनी एसटीनं आणला. जागा एकच मिळाली होती. ती त्यांनी डब्याला दिली, त्याच्यावर शाल पांघरली आणि स्वतः शेजारी उभे राहिले. कंडक्टर म्हणाला, "सामान वर टाका." बाबा म्हणाले, "सामान नाही. तिकीट काढलंय."

पलीकडच्या बाकावरच्या आजींना राहवेना. "कोण आहे हो त्यात?"

बाबा लाडानं म्हणाले, "घरातले थोरले आहेत."

आजींनी पायातल्या चपला काढल्या, उठून उभ्या राहिल्या आणि डब्याला हात जोडले. मग हलकेच विचारलं, "नाशिकला नेताय की काशीला?"

खुलासा करायची बाबांना इतकी लाज वाटली, की त्यांनीही हात जोडले. शिवाजीनगरपर्यंत निम्मी बस गप्प होती. तेव्हापासून डब्याचं नाव थोरला पडलं.

* * *

मी मोठी होऊन हडपसरला एका आयटी कंपनीत लागले, तोवर कॅसेट संपल्या होत्या. आमच्याकडे गाणी कमी आणि "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" जास्त रेकॉर्ड व्हायचं. पण एक नवीनच गिऱ्हाईक तयार झालं होतं, ते म्हणजे गाणारे इंजिनियर.

माझा टीम लीड नितीन त्यांतलाच. त्याचे शब्द त्याचेच, चाल त्याचीच आणि सूरही सगळे त्याचेच होते. इंटरनेटवर वाचून वाचून त्याचं ठाम मत झालं होतं. "काका, मला मॉडर्न काही नको. व्हिंटेजच पाहिजे. आवाजात ती ऊब असते ना, ती."

मे महिना होता. रेकॉर्डिंगच्या वेळी खरखर नको म्हणून आम्ही दारं लावतो, पंखे-एसी बंद करतो. नितीन दोन तास थोरल्यावर गायला आणि घामानं निथळत बाहेर आला. मग स्पीकरसमोर डोळे मिटून बसला.

"याला म्हणतात ऊब," तो म्हणाला. "जाणवतेय काका. अंगावर येतेय."

बाबांनी पंच्यानं मान पुसली. "एसी बंद आहे," ते म्हणाले.

सोमवारी कंपनीच्या बसमध्ये नितीन माझ्या शेजारी बसला नाही. मलाही त्याच्या शेजारी बसवलं नसतं.

* * *

पहिला बोनस मिळाला तेव्हा मी बाबांसाठी नवा प्रीअँप घेतला. थोरल्याची कंपनी कधीच बुडाली होती, पण परदेशात कुणीतरी त्याचे जुने नकाशे मिळवून हुबेहूब तसाच नवा बनवायला लागलं होतं. तीच बटणं, तोच करडा-निळा रंग. आता मामाची बॅग लागत नव्हती. ऑफिसातून ऑर्डर केला आणि कुरिअरनं तो स्टुडिओत येऊन पडला. थोरला म्हातारा झाला होता, पावसाळ्यात कुरकुरायचा, तापायला वेळ घ्यायचा. मला वाटलं, बाबा त्याला आता जरा विश्रांती देतील.

खोकं उघडलं शिरीषकाकांनी. शिरीषकाका म्हणजे हार्मोनियमला बसायचे, जाहिरातींच्या चाली बांधायचे आणि उरलेला वेळ बोलायचे. त्यांनी नवा डबा थोरल्याशेजारी ठेवला, मान तिरकी करून दोघांकडे पाहिलं.

"रूप अगदी थोरल्याचं," ते बाबांना म्हणाले. "पण रक्ताचं नाही हो, विनायकराव. हे दत्तक."

आमचा रेकॉर्डिस्ट आनंददादा खुर्चीतून पडायचा राहिला. बाबाही हसले, जेवढ्यास तेवढं. सगळ्यात मोठ्यांदा मी हसले.

आता हेही सांगून टाकते, म्हणजे पुढे घोटाळा नको. मी दत्तक आहे. आई-बाबांनी मला कळायला लागल्यापासून सांगितलं होतं, कधी लपवलं नाही. पण बाहेर सांगायचं नाही, असा आईचा दंडक होता. "घरात माहीत आहे तेवढं पुरे." मला आणलं तेव्हा ते दोघं नाशिकला होते, पुण्यात आले ते मला कडेवर घेऊनच, त्यामुळे इथे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. स्टुडिओत हे दोघांनाच ठाऊक होतं, बाबांना आणि मला.

त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे? काहीही नाही. मला ते तेव्हाही पटत होतं. तरी वाटायची. आणि आपल्याला लाज वाटते याची आणखी वेगळी लाज वाटायची.

त्या दिवसापासून मी एकाच गोष्टीकडे डोळे लावून बसले. बाबा खरंखुरं महत्त्वाचं काम माझ्या डब्यावर कधी घेतात?

* * *

नाव मात्र असं चिकटलं, की निघता निघेना. आनंददादाच्या तोंडात तर ते इतकं बसलं, की फोनवरही तो तसंच बोलायचा. जाहिरात एजन्सीच्या एक बाई होत्या, नव्यानंच येऊ लागलेल्या. आनंददादा त्यांना म्हणाला, "मॅडम, आज थोरल्याला बरं नाहीये. दत्तक रिकामाच आहे, त्याच्यावर घेऊ का?"

बाई घाईघाईनं म्हणाल्या, "नको, नको. घरात आजारपण असताना आम्ही कशाला? उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी बाई आल्या त्या मोसंबी घेऊन. "कुठे आहेत ते?" त्यांनी विचारलं. आनंददादाला काही सुचेना. "झोपलेत," तो म्हणाला. बाईंनी चपला न वाजवता येरझाऱ्या घातल्या, सगळं काम कुजबुजत केलं. खरं सांगायची वेळ निघून गेली होती. शिरीषकाका हार्मोनियमच्या भात्यात तोंड लपवून बसले.

निघताना बाई दारात थांबल्या. त्यांचा चेहरा खरोखरच मायेचा होता. "आणि तो दत्तक घेतलेला? त्याचं कसं चाललंय? शिकतो का?"

आनंददादानं माझ्याकडे पाहिलं.

"आयटीत आहे," मी म्हणाले.

सगळ्यांनी मोसंबी खाल्ली. मला ती गोड लागली नाही, पण मी खाल्ली.

* * *

खंडेनवमीला आम्ही सगळ्या यंत्रांची पूजा करायचो. माइक, टेपरेकॉर्डर, झालंच तर आनंददादाचा पकड-पाना. शिरीषकाकांनी थोरल्याला झेंडूचा भला मोठा हार घातला आणि माझ्या डब्यापाशी येऊन थबकले.

"विनायकराव, दत्तकविधान झालंय का याचं? गोत्र लागल्याशिवाय पूजा कशी करायची?"

"फूल ठेव, शिरीष."

"ठेवतो हो. पण गोत्र कुठलं सांगू? थोरल्याचं चालेल, की..."

"फूल ठेव."

बाबांचा आवाज चढलेला शिरीषकाकांनी पहिल्यांदाच ऐकला असावा. त्यांनी मुकाट्यानं फूल ठेवलं. माझ्या हातात पेढ्यांचं ताट होतं. मी पेढ्यांवरच्या पिस्त्याकडे असं निरखून पाहत राहिले, जसा काही तो मला मोजायला दिला होता.

त्या गडबडीत थोरला चालूच राहिला होता. तापला की त्याच्यावर पापड भाजून निघेल अशी त्याची ख्याती. हार सरकून जाळीवर पडला आणि झेंडू खरपूस भाजायला लागला. सगळ्या खोलीभर धूर. तेवढ्यात कीर्तनाच्या रेकॉर्डिंगला बुवा आले. त्यांनी दारातच डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला.

"वा! धूप कुठला म्हणायचा हा?"

"खानदानी," शिरीषकाका म्हणाले.

* * *

माझ्या ऑफिसातल्या चौघांना एकदा सोक्षमोक्ष लावायचा होता. जुना श्रेष्ठ की त्याची नक्कल? रविवारी सकाळी सगळे स्टुडिओत जमले. दीपा म्हणून माझी मैत्रीण बरी गायची. तिनं एकच ओळ दोनदा गायली, एकदा थोरल्यावर आणि एकदा दत्तकावर. मग आनंददादानं काही न सांगता आधी एक वाजवला, मग दुसरा.

काय चर्चा झाली म्हणता! एकाला दुसऱ्यात खोली कमी वाटली. एकानं वहीवर आलेख काढला. दीपा म्हणाली, "दुसऱ्यात माझाच आवाज मला परका वाटला." शिरीषकाका मांडी बदलून सरसावून बसले.

"पहिल्यात घराणं ऐकू येतं," ते म्हणाले. "दुसरा चुकत कुठेच नाही. पण ते शिकवलेलं आहे. उपजत नाही. कितीही करा, ते दिसतंच."

मग सगळे माझ्याकडे वळले. डबा मी आणलेला, मला विचारणं भाग होतं. माझ्या कानाला दोन्हींत तसूभर फरक कळला नव्हता. पण एवढ्या लोकांना जे दिसतंय ते आपल्याला दिसत नाही, म्हणजे खोट आपल्यातच असणार, असं मला वाटलं. का वाटावं? पण वाटलं.

"पहिलाच बरा," मी म्हणाले. माझ्या स्वतःच्या डब्याला मीच घराबाहेर काढलं.

बाबा मागे पेपर वाचत बसले होते. त्यांनी पान उलटलं.

"छान झालं," ते म्हणाले. "आनंद, आता दुसरा लाव."

आनंददादानं टेबलाकडे नीट पाहिलं आणि त्याच्या मानेपासून कपाळापर्यंत लाली चढली. दोन्ही वेळा त्यानं एकच वाजवला होता. कोणता, ते त्यानं सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. आलेखवाल्यानं वही मिटली. चौघंही चहाला न थांबता गेले.

* * *

हसण्यासारखे इथवर. पुढच्याला मी हसत नाही, तुम्हाला हसू आलं तर हसा.

सरोजताईंच्या अभंगांच्या कॅसेटनं आमचा स्टुडिओ नावारूपाला आला होता. आता त्यांची सत्तरी उलटली होती, कर्वेनगरला मुलाकडे राहायच्या. पुष्कळ वर्षांनी त्या नवीन सीडी करायला तयार झाल्या होत्या आणि ती अर्थातच थोरल्यावर. दत्तकाचा विषयसुद्धा निघाला नाही. मी रजा काढून बसले होते.

ताईंनी पहिला सा लावला आणि त्यात बारीक "खर्र" झालं. पुन्हा लावला, पुन्हा खर्र. आनंददादानं थोरल्याकडे पाहिलं. बाबांनी पाहिलं नाही.

"ताई," बाबा म्हणाले, "घसा जरा... गरम पाणी देऊ का?"

ताईंनी गरम पाणी घेतलं. लवंग धरली. पुन्हा खर्र. त्यांनी आधी डोळे मिटले, मग तानपुरा बाजूला ठेवला.

"राहू द्या, विनायकराव," त्या म्हणाल्या. "वय झालं आता."

कठडा धरून, एक एक पायरी उतरत त्या खाली गेल्या. बाबा त्यांना रिक्षापर्यंत सोडून आले. तोवर आनंददादा आत जाऊन माइकसमोर "हॅलो" म्हणाला होता. खर्र. मग बाबा स्वतः जाऊन बोलले. खर्र. शिरीषकाका म्हणाले, "सगळ्यांचेच घसे बसलेत आज," आणि कुणीच हसलं नाही तेव्हा तेही गप्प झाले. बाबा थोरल्यासमोर बसून राहिले. त्यांचा चेहरा मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना माझ्या स्कूटरवर कर्वेनगरला घेऊन गेले. दार ताईंनीच उघडलं. बाबा चपला न काढता दारातच म्हणाले, "ताई, घसा तुमचा नव्हता. डबा आमचा होता."

ताई म्हणाल्या, "रात्रभर मी माझ्या आवाजाला दोष देत होते. तुम्ही मला म्हातारी ठरवलंत, विनायकराव, आणि मी ते ऐकलं."

मग ताईंनीच चहा टाकला. निघताना म्हणाल्या, "यंत्र बरं झालं की बोलवा. येईन मी."

* * *

यंत्र काही बरं होईना. दुरुस्त करणारा माणूस मुंबईला, लागणारा भाग त्याहून लांब. ताईंचं रेकॉर्डिंग पुढे, आणखी पुढे. आणि तिकडे थोरल्याच्या रिकाम्या जागेशेजारी माझा डबा लाल दिवा लावून ठणठणीत बसलेला, फोनवरच्या सूचना रेकॉर्ड करत.

एकदा जेवताना मला राहवलं नाही. "बाबा, ताईंना असं ताटकळत ठेवण्यापेक्षा दत्तकावर का नाही घेत?"

हा शब्द आमच्या घरात कधी उच्चारलेला नव्हता. जे काही होतं ते "तुला आणलं तेव्हा" एवढ्यावर भागायचं. आईचा वाढता हात वाटीवर तसाच थांबला. मी तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण मला म्हणायचं होतं, "त्याच्यावर विश्वास नाही का तुमचा?" आणि तोंडातून आलं, "माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?"

पळीतली आमटी वाटीत पडत होती. वाटी भरली, ताटात ओघळ आला, तरी आईचं लक्ष नव्हतं.

"तो शब्द घरात कुणी आणला?" आई म्हणाली.

बाबांनी ताट जरा पुढे ओढून घेतलं.

"कुरिअरनं आला," ते म्हणाले.

एरवी यावर आम्ही तिघं ठसका लागेपर्यंत हसलो असतो. बाबांनी आमटीत पोहणारा भात निमूटपणे संपवला. मी ताट घेऊन उठले आणि मोरीत नळ सोडून बराच वेळ भांडी घासत राहिले, घासायची नव्हती तीसुद्धा.

* * *

आणि हा शेवटचा.

थोरला एकदाचा बरा होऊन आला. कुरकूर नाही, खरखर नाही, नव्यासारखा. सरोजताईंना निरोप गेला आणि त्या आल्या. शिरीषकाका त्या दिवशी लवकर येऊन बसले होते. थोरला त्यांनीच तापत ठेवला होता. मी आले होते ती उगाच, आनंददादाच्या मागच्या स्टुलावर.

आमची खोली आणि गायची खोली यांच्यामध्ये काच आहे. आतला माइक उघडा असला की आतलं सगळं आमच्या स्पीकरवर येतं. आमचं मात्र आत जात नाही, त्यासाठी टेबलावरचं एक बटण दाबून बोलावं लागतं. ताई आत जाऊन बसल्या. बाबा आमच्या खोलीत आले, थोरल्याच्या मागची माइकची वायर काढली आणि दत्तकाला लावली.

"काका?" आनंददादा म्हणाला.

"विनायकराव," शिरीषकाका म्हणाले, "थोरला बरा झालाय की."

"ऐकलं मी."

"मग ताईंचं दत्तकावर घेणार?"

बाबांनी वायर नीट बसली का ते ओढून पाहिलं आणि ते आत निघून गेले. काचेपलीकडे ते ताईंसमोरचा माइक खालीवर करू लागले.

"ताई, लेव्हल घ्यायचीय. काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"काहीही. नेहमीच्या आवाजात."

ताईंनी इकडे तिकडे पाहिलं. मग काचेतून त्यांची नजर माझ्यावर आली.

"ती मुलगी ना तुमची? त्या दिवशी स्कूटरवर घेऊन आली होती ती."

"हो."

"नाक अगदी तुमचं हो."

हे आम्हाला पुष्कळांनी म्हटलेलं आहे. त्यावर हसायचं एक हसूही आमच्याकडे ठरलेलं आहे, बाबांकडे आणि माझ्याकडे. मी काचेअलीकडे ते चेहऱ्यावर आणून तयार ठेवलं. बाबा माइकचा स्क्रू आवळायला वाकले होते. त्यांचं तोंड माइकच्या अगदी जवळ होतं.

"नाही, ताई," बाबा म्हणाले. "ती दत्तक आहे. आणली तेव्हा एवढीशी होती."

स्पीकरमधून त्यांचा श्वाससुद्धा ऐकू आला. आनंददादाचा हात बटणावर होता, तो तिथेच राहिला. माझं हसू चेहऱ्यावर तसंच होतं, ते काढून कुठे ठेवावं मला कळेना. शिरीषकाकांकडे बघायचं माझं धाडस झालं नाही. मी समोरचा, आवाज मोजणारा काटा बघत राहिले. तो वर गेला होता, सावकाश खाली आला.

"हो का?" आतून ताई म्हणाल्या. "मग तुमचं नाक तिच्यासारखं झालं असेल."

बाबा हसले. कंबरेला हात लावून सरळ उभे राहिले आणि काचेकडे वळले.

"आनंद, आवाज आला का नीट?"

कुणीही बटण दाबलं नाही. बाबा आत वाट बघत उभे होते.

"आनंद?"

शिरीषकाका उठले. एवढ्या वर्षांत त्यांनी त्या टेबलाला कधी हात लावला नव्हता. माझ्याकडे न बघता ते माझ्यावरून वाकले, बटण दाबलं आणि क्षणभर नुसतेच दाबून धरून राहिले.

"आला, विनायकराव," ते म्हणाले. "स्वच्छ आला."